फिटरकाकांच्या पेटीला हात कुणी लावायचा?

(या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. मूळ तीन पानी आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

लिहिणारी ३६ वर्षांची, माहेर गिरणगावातल्या एका चाळीत. वडील मागच्या वर्षी गेले, ७२ वर्षांचे होते, दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. गिरणीत फिटर, संपात नोकरी गेली, मग घरोघरी जाऊन रिपेअरिंग, नंतर एका खाजगी कंपनीत मेंटेनन्सला. अख्खी चाळ त्यांना फिटरकाका म्हणायची. पंखा, मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन, नळ, कुणाचं काहीही बिघडलं की "आण इकडे, बघू", आणि बंद पडलेल्या वस्तूवर हात ठेवून ठरलेलं वाक्य, "मेला नाय हा, झोपलाय." पोरांना बेअरिंगची गाडी करून द्यायचे, गणपतीला वायपरच्या मोटरवर मान हलवणारा उंदीर केला होता, एक एप्रिलला गॅलरीत रुपयाचं नाणं फेविक्विकने चिकटवून स्वतः दाराआड हसत बसायचे.

दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवेना, तासभर सगळे ताटकळले, शेवटी धाकटे काका म्हणाले, "दादा, तुझी हत्यारांची पेटी आम्ही सांभाळू", आणि शिवला. तेव्हापासून आईने पेटीला कुणाला हात लावू दिलेला नाही. आता चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, जानेवारीत खोली खाली करून भाड्याच्या जागेत जायचंय. पोटमाळ्यावर पेटीशिवाय दोन गोण्या सामान आणि लोकांचे दुरुस्तीला आलेले तीन मिक्सर, एक इस्त्री, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, "१४ नंबर, ओरडतो", "२२ नंबर, वास येतो, वहिनींना थांबा सांगितलंय". मोठा भाऊ (४४, आईबरोबर चाळीतच राहतो) म्हणतो सगळं भंगारात देऊ, जागा नाही. हिला पेटी जशीच्या तशी हवीय. आई काहीच बोलत नाही. त्यात महिन्याभरावर वर्षश्राद्ध आलंय आणि त्या दिवशी हिला सगळ्यांसमोर बाबांचे किस्से सांगायचेत, झोपलायवाला पण, तर भाऊ म्हणतो, "बापाचा जोकर करू नकोस." पत्रात शेवटी असं आहे, "दादाला भिंतीत साधा खिळा मारता येत नाही, त्याला बाबा काय कळणार? ताई, पेटीचं काय करू, आणि बाबांना जसे होते तसं आठवणं चूक आहे का?"

*

अगं, तुला तू म्हणतेय, चालेल ना? माझी मुलगी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

सोपं आधी उरकते. किस्से सांगणं चूक नाही, झालं. माणूस गेला की आपल्याकडे त्याचा एकदम "कै." होतो, फोटोला हार पडतो आणि आयुष्यभर लुंगीवर वावरलेल्या माणसाला आपण कोटात बसवतो. तुझ्या बाबांना नाही तसं बसवायचं तर नको बसवूस. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वाटतं तुझी गाठ किस्स्यांत नाही अडकलेली, पेटीतही नाही. तू असं धरून चाललीयस की बाबा जसे होते तसे फक्त तुलाच माहीत आहेत, दादाला ते कळले नाहीत आणि आई गप्प आहे म्हणजे तिला काही म्हणायचं नाही. इथेच मला जरा थांबावंसं वाटतं.

दादाचं आधी घेऊ, कारण ते खिळ्याचं वाक्य मला टोचलं. ज्या घरात बाप हाताने कामं करतो ना, त्या घरातल्या एका पोराच्या नशिबी कायम बॅटरी धरणं असतं. बाप स्टुलावर चढलेला, तोंडात दोन स्क्रू, हातात टेस्टर, आणि खाली पोर बॅटरी धरून उभं. दोन मिनिटं झाली की सुरू, "इकडे नाय, इथे मार उजेड! लक्ष कुठंय? नीट धर की!" मग ते पोर बॅटरी आणखी हलवतं, मग आणखी ओरडा. माझे वडील गोदीत होते, जगाशी इतके गोड की शेजारणी म्हणायच्या तुझे पप्पा किती शांत गं, आणि स्टुलावर चढले की पूर्ण वेगळा माणूस. मी आता साठीला आले तरी लाइट गेल्यावर कुणी "जरा टॉर्च धर" म्हटलं की तळहाताला घाम येतो, खोटं नाही सांगत.

तू शेंडेफळ. तुला त्यांनी बेअरिंगच्या गाडीवर बसवून गॅलरीभर ढकललं. दादा तुझ्याहून आठ वर्षांनी मोठा म्हणजे बॅटरी धरायला तोच असणार, आणि खिळा मारता येत नाही त्यामागे "सोड, तुला जमायचं नाय" म्हणत हातोडी काढून घेतली गेल्याच्या पाच-पन्नास वेळा असू शकतात. मी अंदाज करतेय हां, चुकतही असेन. पण तू त्याला हे कधी विचारलंयस का? दोघांचे बाबा एकच माणूस होता पण दोघांना मिळाले वेगवेगळे, हे सगळ्याच घरांत असतं, फक्त एक जण गेल्यावर ते उघडं पडतं.

आता मला सगळ्यात जास्त जाणवलेली गोष्ट सांगते, रागावू नकोस. पहिल्या पानावर तू लिहिलंयस की बाबा दुपारी झोपले आणि उठले नाहीत. तिसऱ्या पानावर लिहिलंयस की "मेला नाय, झोपलाय" हा किस्सा दादा सांगू देत नाही. ही दोन वाक्यं तू एकाखाली एक लिहून बघ. तुला फोन आला तेव्हा तू डोंबिवलीला, लोकल पकडून परळला पोचेपर्यंत तास-दीड तास गेला असेल, तोपर्यंत त्या दहा बाय बाराच्या खोलीत आई आणि दादा होते. कुणीतरी त्यांना चहाला हाक मारली असेल, कुणीतरी हलवलं असेल. झोपलेत असंच आधी वाटलं असेल ना? त्या दोघांसाठी ते वाक्य आता किस्सा उरलेलं नाही. दादाला ते सांगता येत नसेल, पुरुषांना असलं कुठे धड सांगता येतं, मग तोंडातून "जोकर" येतं.

म्हणून माझं मत विचारशील तर त्या दिवशी हा एक किस्सा तू आपणहून काढू नकोस. नाणं सांग, उंदीर सांग, गाडी सांग. झोपलायवाला आईने किंवा दादाने काढला तर काढू दे, आणि नाही काढला तर पुढच्या वर्षी. तो कुठे पळून जात नाही.

आता आई.

तीन पानांत बाबांच्या आयुष्यातली एक गोष्ट तू एका ओळीत संपवलीयस, "संपात नोकरी गेली, मग घरोघरी रिपेअरिंग". पुढच्या ओळीत लगेच उंदीर मान हलवायला लागतो. तुझा जन्मच नंतरचा, तुला दोष नाही. पण १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिने, आणि दीड वर्ष उलटलं तरी मिटला नाही, रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीरच केलं नाही, नुसता विरत गेला. लोक गावाला निघून गेले, भांडी विकली, मंगळसूत्रं गहाण पडली. तू वय दिलंयस त्यावरून हिशोब केला, बाबा तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसचे, तुझा दादा अंगावर पिणारा, आई जेमतेम विशी ओलांडलेली.

आणि यात एक गोष्ट बघ. साचेवाल्याचं, म्हणजे मागावर कापड विणणाऱ्याचं, कसब साच्याला बांधलेलं, गिरणीचा भोंगा थांबला की त्याच्या हातांना बाहेर कामच नाही, मग हमाली कर, भाजी विक, वॉचमन हो. फिटरचं तसं नव्हतं, त्याच्या पान्याला गिरणीबाहेरही नट सापडतो. ती पेटी उचलून तुझे बाबा बाहेर पडले असतील, दादर-माटुंग्याच्या बिल्डिंगींत जिने चढून बेल वाजवून विचारलं असेल, काही बिघडलंय का. संध्याकाळी पेटी घरी परत आली की तिच्यातून किती निघालं यावर दूध ठरत असेल. तुला ती पेटी आठवते ती गणपतीच्या उंदराची. आईला कुठली आठवत असेल? मला नाही वाटत ती फक्त कावळ्यामुळे तिच्यावर बसून राहिलीय.

विचार तिला. पण "आई, ठेवायची की टाकायची" असं नको, या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात आणि दोन्हींत एक पोर दुखावतं, मग ती गप्पच बसणार. एखाद्या दुपारी तिची झोप झाल्यावर जा, खोलीत पॅकिंगचे खोके यायच्या आधी, दादाला पण थांबायला सांग. पेटी माळ्यावरून काढून तिच्यासमोर ठेव आणि झाकण तिला उघडू दे. वाटलं नाही तर नाही उघडणार, चहा करा, परत वर ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. उघडली तर काही उचकटायच्या आधी वरून एक फोटो काढ, कुठल्या कप्प्यात काय, पक्कड कुठे, कानस कशात गुंडाळलीय, कारण ती मांडणी त्यांच्या हाताची आहे आणि एकदा मोडली की परत लावता येत नाही. मग बारीक बारीक विचार. यातलं सगळ्यात जुनं कुठलं? हे नागदेवीवरून आणलं की चोर बाजारातून? हा पाना नवीन घेतला तेव्हा तू चिडली होतीस का? "बाबा कसे होते गं" विचारलंस तर "चांगले होते" एवढंच मिळेल. पक्कड दाखवून विचारलंस तर अर्धा तास बोलेल. फोनचं रेकॉर्डिंग लावून ठेव, तिला सांगून, चोरून नाही.

तक्रारी निघाल्या तर थांबवू नकोस हां. चाळभर नळ दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या मोरीतला नळ गळतच असतो, हा अलिखित नियम आहे. रविवारी मटण शिजून गार झालं तरी हा माणूस २२ नंबरमध्ये इस्त्री उघडून बसलेला, पैसे मागायचे नाहीत, वर पार्टचे पैसे स्वतःच्या खिशातून. चाळीचा लाडका माणूस घरच्या बाईला किती महाग पडतो हे चाळ कधी विचारत नाही. तिने चाळीस वर्षं ते गिळलं असेल तर आता बोलू दे, त्याने बाबा लहान होत नाहीत.

कावळ्याचं म्हणशील तर मी मानणारी की न मानणारी ते सोड, तुझ्या घरात मानतात ना, मग शब्द नीट बघ. काकांनी "सांभाळू" म्हटलं. "हात लावणार नाही" असं तुझ्या पत्रात तरी कुठे नाही. लोखंडी हत्यार कुलूप लावून मुंबईच्या हवेत ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे बाई, एक पावसाळा तर वर गेलाच आहे, उघडशील तेव्हा पान्यांवर तांबूस पापुद्रा दिसेलच बघ. सांभाळायचं तर शिवणमशीनचं तेल आणि जुन्या बनियनची चिंधी घेऊन बसायला लागेल, कपाट मोठं असून भागत नाही. काकांना एक फोन करून हे बोलून घे, शब्द त्यांनी दिलाय, त्यांना विचारलं की आईचंही ओझं उतरेल.

मग वाटपाचं. जशीच्या तशी पेटी तुझ्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत कुठे ठेवणार आहेस, खरं सांग? बेडखाली. आणि वर्षातून एकदा झाडू मारताना पायाला लागेल. त्यापेक्षा एखादी पक्कड किंवा टेस्टर, जे तू खरंच हातात घेशील ते तू ने, एक-दोन गोष्टी दादाकडे, आईला हवं ते आईजवळ, रिकामी पेटीसुद्धा तिला हवी असेल तर तिच्याकडेच. बाकीचं वापरणाऱ्याच्या हातात पडू दे, चाळीत आयटीआयला जाणारं एखादं पोरगं असेलच किंवा बाबांचा जुना जोडीदार. फक्त विजेवर चालणारं काही असेल, जुनं ड्रिल मशीन वगैरे, तर देण्याआधी वायर आणि अर्थिंग तपासून घ्या, जुन्या वायरींचं रबर तडकतं आणि आठवण म्हणून दिलेल्या वस्तूने कुणाला शॉक बसायला नको. आणि गोण्यांतले वाकडे खिळे, अर्ध्या बिजागऱ्या, कशाचं तरी झाकण हे जाऊ दे भंगारात, इथे दादा बरोबर आहे. आमच्याकडे उलटं झालं, पप्पा गेल्यावर सगळंच एका दिवसात किलोवर गेलं, भंगारवाल्याने तराजूत रंधा टाकला तो आवाज मला आवडला नव्हता, पण मी काही बोलले नाही. आता कुणाकडे रंधा बघितला की उगाच हातात घेऊन बघते.

फोनचं कुणी तुला सांगितलं नसेल म्हणून सांगते, आणि ज्या वाचकांच्या घरी असं काही नुकतंच झालंय त्यांनीही लगेच बघा. बाबांचा नंबर चालू ठेवलाय का? प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही की कंपनीला ते बंद करता येतं आणि पुढे नंबर दुसऱ्याच माणसाला मिळतो. व्हॉट्सअॅप साधारण १२० दिवस वापरात नसलेलं अकाउंट काढून टाकतं. गूगलचं अकाउंट २ वर्षं कुणी उघडलंच नाही तर तेही फोटोंसकट जाऊ शकतं. तुझ्या फोनमधलं चॅट मात्र तुझ्याकडेच असतं, तर आज बसून त्यांचं चॅट मीडियासकट एक्सपोर्ट कर आणि दोन ठिकाणी ठेव. व्हॉइस नोट्स असतील ना? "अगं तो नळ जास्त आवळू नको, वायसर जाईल" असल्या? भाषणं राहतात, हे असलं काहीच राहत नाही आणि दहा वर्षांनी हेच हवं असतं.

वर्षश्राद्धाला सकाळचं सगळं दादा आणि गुरुजी म्हणतील तसं होऊ दे, मध्ये माइक घेऊन उभी राहू नकोस. ज्यांना पाया पडून जेवून जायचंय ते जातील. संध्याकाळी गॅलरीत सतरंजी टाका, चहा-चिवडा, चाळीतल्या लोकांना सांगा की फिटरकाकांनी दुरुस्त केलेली एखादी वस्तू घेऊन या. बघ काय काय येतं ते, मला खात्री आहे कुणीतरी टेबलफॅन काखेत मारून येईल. किस्से तुला सांगावे लागणारच नाहीत, वस्तूच्या मागे किस्सा येतोच. दादा बोलला नाही तर त्याला आग्रह नको, तो खुर्च्या लावत राहील, ते त्याचं बोलणंच आहे. आणि त्या दिवसाने सुतकाचं वर्षही संपतं, या दिवाळीला तुमच्या दारात कंदील नव्हता, फराळ शेजाऱ्यांनी आणून दिला असेल, तर पुढच्या दिवाळीसाठी माळ्यावर बांबूच्या काड्यांचा सांगाडा सापडला तर तो गोणीबरोबर देऊ नका.

अजून एक, तू म्हणशील ताई आता पुरे. जानेवारीत भाड्याच्या घरात गेलात की बाबांचा फोटो लावायला भिंतीत खिळा लागेलच (मालकाला आधी विचारा, हल्ली एका खिळ्यावरून डिपॉझिट कापतात). तो खिळा दादाला मारू दे. बाबांच्याच हातोडीने. वाकडा गेला, प्लॅस्टर पडलं, चालेल. तू बाजूला उभी राहून टॉर्च धर आणि तोंडातून एक शब्द काढू नकोस. जमलं तर पुढच्या वेळी दोघं मिळून आईचा पंखा बघा, हळू फिरत असेल तर बऱ्याचदा कपॅसिटरच गेलेला असतो, सिलिंग फॅनला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात शंभराच्या आत-बाहेर मिळेल. मेन स्विच बंद करून मगच हात घाला.

ते सगळं होईल तेव्हा होईल. या रविवारी माहेरी गेलीस की पहिलं ते तीन मिक्सर आणि इस्त्री खाली काढ. चिठ्ठ्या सोडवून घे, त्या तुझ्या, त्यांचं अक्षर आहे. आणि वस्तू ज्याच्या त्याला परत कर, दुरुस्त झाल्या नाहीत म्हणून सांग. १४ नंबरवाल्या बाई वर्षभर संकोचाने विचारायला आल्या नसतील, चटणी कशावर वाटतायत कोण जाणे.